एतबार कशावर ठेवावा?

उर्दूत एतबार, मराठीत विश्वास आणि कोल्हापूरच्या बाजारपेठेत पत. आपल्या घरांत हे तिन्ही शब्द रोज बोलले जातात. पण विश्वास आणि विश्वासार्हता यांत फरक आहे. विश्वास आपण ठेवतो. विश्वासार्हता समोरच्याला कमवावी लागते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक प्रेषित्वापूर्वीच ‘अल-अमीन’ म्हणत. पुढे विरोध पेटला, तरी लोकांच्या ठेवी त्यांच्याकडेच होत्या. हिजरतच्या वेळी त्या ज्याच्या त्याला परत देण्यासाठी हजरत अली (र.) मागे थांबले. मत न पटणाऱ्यांनीही भरवसा ठेवावा, ही विश्वासार्हतेची सर्वांत मोठी कसोटी.

हदीस गोळा करणाऱ्या विद्वानांनी या कसोटीचे शास्त्रच बनवले. हे वचन कोणी कोणाकडून ऐकले, ती साखळी म्हणजे इस्नाद. साखळीतल्या प्रत्येक रावीच्या बाबतीत दोन गोष्टी पाहिल्या जात : तो सचोटीचा आहे का, आणि ऐकलेले तो अचूक जपतो का? माणूस कितीही नेक असला, पण त्याची स्मरणशक्ती कच्ची असली, तर त्याचे कथन कमकुवत ठरे. म्हणजे नुसता चांगुलपणा पुरेसा नाही, अचूकताही हवी.

ही जोडी प्रत्येक क्षेत्रात लागू पडते. गुजरीत दागिना घेताना सराफाशी आपला कितीही जुना घरोबा असला, तरी हॉलमार्क पाहावाच. 916 हा आकडा 22 कॅरेटची खूण आहे. शेजारचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी आहे. पण त्या नावाची पत शेवटी कारागिराच्या हातावर आणि चामड्यावरच टिकते. बँकेत 300 ते 900 मधला सिबिल स्कोअर पाहिला जातो. आपण किती गोड बोलतो याची नोंद त्यात नसते. मागचे हप्ते वेळेवर भरले का, याची असते.

वर्गातही तेच. अडचणीचा प्रश्न आला की काहीतरी ठोकून देणाऱ्या शिक्षकाला मुले चटकन ओळखतात. “उद्या पाहून सांगतो” म्हणून दुसऱ्या दिवशी खरेच सांगणाऱ्याचे बोलणे मात्र ती ग्राह्य मानतात, असा आम्हा शिक्षकांचा अनुभव आहे.

सर्वांत मोठी हानी बातमीच्या बाबतीत होते. जून 2023 मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून आपल्या कोल्हापुरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. अशा वेळी एक खोटा संदेशही कुणाचे दुकान, कुणाची रोजी घेऊन जाऊ शकतो. बातमी आली की आधी शहानिशा करा, ही तर कुरआनचीच शिकवण आहे. मग तो संदेश घरच्या ग्रुपवर, आपल्याच माणसाकडून आला म्हणून खरा कसा ठरेल? पाठवणारा नेक असेल. पण त्याने स्वतः पाहिले आहे का?

म्हणून पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारू या. हे मूळ कोणी सांगितले? त्याला ते कसे कळले? आणि ते तपासता येते का? उत्तर नसेल, तर संदेश आपल्याजवळच थांबू द्यावा. कारण आपण पुढे पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीचे रावी आपणच असतो आणि मुले आपल्याकडे पाहूनच शिकत असतात.