नदीकाठची मगर : ओळख आणि खबरदारी



परवा गट ऑफिसात लागणीच्या नोंदी चालू असता नदीकाठच्या एका सभासदाने आम्हाला विचारले, "साहेब, आमच्या मोटारीजवळ दिसते ती मगर का अॅलिगेटर? तोंड रुंद आहे म्हणून पोरगं म्हणतंय अॅलिगेटरच." प्रश्न मोलाचा वाटला, म्हणून सर्वांसाठी चार ओळी लिहीत आहोत.

आपल्या देशाच्या नद्यांत अॅलिगेटर नाही. जगात त्याच्या दोनच जाती. एक अमेरिकेच्या आग्नेय भागात, दुसरी चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात. भारतात आहेत त्या गोड्या पाण्यातील मगर, खाऱ्या पाण्यातील मगर आणि लांब चिंचोळ्या तोंडाची सुसर, म्हणजे घडियाल. कृष्णेत भिलवडी-औदुंबर भागात दिसते ती गोड्या पाण्यातील मगर. काही जण तिलाच सुसर म्हणतात.

पोराचाही दोष नाही. मगरींच्या सर्व जातींत आपल्या मगरीचेच तोंड जास्त रुंद. खरी खूण दातांत आहे. तोंड मिटले तरी मगरीच्या खालच्या जबड्यातील चौथा दात बाहेर दिसतो. अॅलिगेटरचा तो वरच्या जबड्याखाली झाकला जातो. अर्थात हे पाहायला जवळ जाऊ नये!

अॅलिगेटरही ऊसवाल्यांचा शेजारीच. फ्लोरिडात ओकीचोबी तळ्याच्या दक्षिणेस मोठी ऊसशेती आहे आणि तिथल्या कालव्यांत तो राहतो. त्याची मादी पालापाचोळा, चिखल रचून ढीग करते व त्यात अंडी घालते. पाचटाचा ढीग कुजताना गरम होतो ना, तीच ऊब अंड्यांना मिळते. आपली मगर मात्र काठच्या वाळूत, मातीत खड्डा करून अंडी घालते, साधारण 25 ते 30. काळ फेब्रुवारी ते एप्रिल. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडाला, पिले निघतात. आई खड्डा उकरते आणि पिलांना तोंडात धरून पाण्यात नेते.

इथेच आपला तिचा गाठीचा प्रसंग. त्याच दिवसांत नदीचे पाणी हटते आणि आपण फूटवाल्व पुढे सरकवायला पात्रात उतरतो. राखणीला बसलेली मादी अशा वेळी अंगावर येते. एरवीही मगर फक्त डोळे व नाकपुड्या वर ठेवून काठालगत दबा धरते. हिवाळ्यात ती काठावर तोंड उघडे टाकून ऊन खात पडते. तो राग नव्हे, अंगातील उष्णता सांभाळण्याची तिची रीत आहे.

तेव्हा एवढे पाळावे :

1. रात्रपाळीला मोटार चालू करायला एकट्याने जाऊ नये. आधी बॅटरी पाण्यावर फिरवावी. मगरीचे डोळे उजेडात तांबूस चमकतात.

2. धुणे, जनावरे धुणे गुडघाभर पाण्यात उतरून करू नये. पोरांना काठावर एकटे सोडू नये.

3. वाळूत ताजा उकरलेला खड्डा दिसल्यास तिथून निमूट मागे फिरावे.

4. पुरात ती वस्तीत, उसात येऊ शकते. 2019 च्या महापुरात हे पाहिले आहे. पाणी ओसरल्यावर फडात जपून शिरावे.

5. दगड, काठ्या घेऊन मागे लागू नये. वन खात्यास कळवावे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिला मारणे गुन्हा आहे.

नदी तिचीही आहे आणि आपलीही. पाळीचे पाणी एक तास उशिरा दिले तर ऊस वाळत नाही. गेलेला माणूस मात्र परत येत नाही. घरातल्या मंडळींना हे अवश्य वाचून दाखवावे, ही नम्र विनंती.