गुप्त उपग्रह, उघडी चिन्हे : हेर-उपग्रहांच्या बोधचिन्हांचा अर्थविचार

प्रस्तावना :
अमेरिकेचे हेर-उपग्रह तयार करून चालविणारी 'नॅशनल रिकॉनिसन्स ऑफिस' ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. मात्र तिचे अस्तित्व शासनाने १९९२ मध्ये जाहीर केले. या संस्थेच्या उपग्रह-उड्डाणांसाठी 'पॅच' म्हणजे गणवेशावर लावण्याचे कापडी बोधचिन्ह काढण्याची प्रथा आहे. ज्यांना आपल्या कामाविषयी बाहेर बोलता येत नाही, त्यांच्यासाठी हे चिन्ह सहभागाची खूण ठरते. तथापि, ते बाहेरच्यांच्याही दृष्टीस पडते. त्याचा अर्थ कोठवर विश्वासाने लावता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे केला आहे.

पडताळता येणारा अर्थ :
ऑगस्ट २००० मध्ये कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्ग येथून 'एनआरओएल-११' हे उड्डाण झाले. त्याच्या बोधचिन्हावर पृथ्वीभोवती चार कक्षादर्शक बाण होते. कॅनडातील हौशी उपग्रह-निरीक्षक टेड मोल्झन यांनी त्यांचा संबंध 'लॅक्रॉस' या रडार-उपग्रहांशी जोडला. हे उपग्रह विषुववृत्ताशी सुमारे ५७ व ६८ अंशांचा कोन करणाऱ्या कक्षांत फिरत. उपग्रह गुप्त असला तरी सूर्यप्रकाशाने उजळलेला त्याचा ठिपका आकाशात दिसतो. त्यामुळे चित्रावरून काढलेला निष्कर्ष प्रत्यक्ष निरीक्षणाने तपासता येतो.

आरोपित अर्थ :
डिसेंबर २०१३ मधील 'एनआरओएल-३९'च्या चिन्हात पृथ्वीला विळखा घालणारा ऑक्टोपस व 'आमच्या आवाक्याबाहेर काहीच नाही' या आशयाचे इंग्रजी घोषवाक्य होते. एडवर्ड स्नोडेन यांनी त्याच वर्षी पाळत-यंत्रणा उघड केल्यामुळे अनेकांनी हे चिन्ह सत्तेची कबुली मानले. ऑक्टोपस हा बुद्धिमान व परिस्थितीशी जुळवून घेणारा प्राणी असल्याचे अधिकृत स्पष्टीकरण देण्यात आले. पुढे माहिती-स्वातंत्र्य कायद्यान्वये मिळालेल्या कागदपत्रांतून निराळेच मूळ समोर आले : चाचणीत त्रास देणाऱ्या 'ऑक्टोपस हार्नेस' या तारांच्या जुडग्यावरून अभियंत्यांना ही कल्पना सुचली होती.

समारोप :
पहिल्या उदाहरणात आकाश साक्षीला होते. दुसऱ्यात कागदपत्रे मिळेपर्यंत केवळ तर्क होता. अर्थात, मूळ विनोदात असले तरी नागरिकांना वाटलेली भीती निराधार ठरत नाही. निर्मात्याचा हेतू आणि चिन्हाचा सार्वजनिक परिणाम या दोन भिन्न बाबी आहेत. त्या वेगळ्या ठेवून प्रत्येकीसाठी स्वतंत्र पुरावा मागणे, हेच चिन्हांच्या अभ्यासकाचे कर्तव्य होय. गुप्ततेच्या क्षेत्रात पुरावा दुर्मिळ असल्यामुळे ते अधिकच काटेकोरपणे पाळावे लागते.