ताटाचा वाटा किती?

पगार दुप्पट झाला म्हणून घरात दुप्पट भाकऱ्या लागत नाहीत. 1857 मध्ये जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च अभ्यासले आणि हीच गोष्ट नियम म्हणून मांडली. घर जितकं गरीब, तितका एकूण खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. देशोदेशींच्या घरखर्चाची तुलना आजही या वाट्यावरून केली जाते, कारण टक्केवारीला रुपया, डॉलर आणि येनच्या दरांचा अडसर येत नाही.

आता आकडे पाहू. अमेरिकेच्या 2023 मधल्या सरकारी पाहणीत अन्नाचा वाटा 12.9 टक्के होता. जपानमध्ये 2024 साली दोन किंवा अधिक माणसांच्या कुटुंबांत तो 28.3 टक्के निघाला. भारतात 2023-24 मध्ये शहरी भागात सुमारे 40, तर ग्रामीण भागात 47 टक्के.

म्हणजे जपानी घर अमेरिकी घराच्या दुपटीहून गरीब? तसं नाही. तिथे अन्न महागलं, म्हाताऱ्या माणसांची घरं वाढली, हे खरंच. पण हिशेबाची रीतही वेगळी आहे. अमेरिकी पाहणीत विमा आणि पेन्शनसाठी भरलेले पैसे खर्चात धरतात. तो भाग सुमारे 12 टक्के असतो. जपान सामाजिक विम्याचे हप्ते उपभोग खर्चात धरत नाही. शिवाय जपानी हिशेबात दारू अन्नातच मोडते, अमेरिकेत ती वेगळी. अंश किंवा छेद बदलला की टक्केवारी बदलते. अमेरिकेत हॉटेलचं खाणं वगळून फक्त घरचं अन्न मोजलं, तर तो वाटा जेमतेम 8 टक्क्यांवर येतो.

भारताच्या आकड्यातही एक गंमत दडलेली आहे. 1999-2000 मध्ये ग्रामीण घराच्या खर्चात अन्न 59 टक्के होतं, त्यातलं धान्यच सुमारे 22 टक्के. आज धान्य 5 टक्क्यांच्या आसपास आहे, आणि पेयं व प्रक्रिया केलेले पदार्थ त्याच्या जवळपास दुप्पट. रेशनवर फुकट मिळालेल्या धान्याची किंमत मुख्य आकडेवारीत धरलेली नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

या महिन्यात स्वतःच्या घराचा हा हिशेब करून पाहा. किराणा, दूध, भाजी यांची बेरीज करा आणि तिला एकूण खर्चाने भागा. फक्त हॉटेलचं बिल कुठे धरायचं, ते आधी ठरवा.