आधी बॅटरी, मग कॉम्प्युटर

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या शेडसमोर पांढरी मारुती ओम्नी मागचं दार वर करून उभी आहे. मागच्या सीटा काढून भिंतीला लावल्यात. आत उघड्या पत्र्यावर मेस्त्री मांडी घालून बसलेत, कानावर पेन्सिल, हातात पकड. शेजारच्या शेडमध्ये लेथ चालू आहे, त्यामुळे इथं बोलायचं म्हणजे ओरडायचंच.

ओम्नीची फिरती पीयूसी गाडी व्हायची आहे. पेट्रोल पंपाच्या कडेला, नाक्यावर अशा गाड्या आपण रोज बघतो. मशीनची नळी सायलेन्सरमध्ये जाते, नंबरप्लेटचा फोटो निघतो, दोन मिनिटांत कागद हातात येतो. हातानं भरून द्यायच्या पावत्यांचा जमाना गेला. आता दाखला ‘वाहन’च्या सरकारी पोर्टलवरूनच निघतो, त्यामुळे गाडीत कॉम्प्युटर नाही तर धंदा नाही. आणि मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पीयूसी नसल्याचा दंड दहा हजारांपर्यंत गेलाय, तेव्हा गिऱ्हाइकाला तोटा नाही, असा ओम्नीच्या मालकांचा हिशेब आहे.

राजारामपुरीतल्या दुकानातून कॉम्प्युटरवाला पोरगा रिक्षात भलंमोठं टॉवर कॅबिनेट, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर घालून घेऊन येतो.

“मामा, मला फक्त दोनशे तीस व्होल्टचा एक बोर्ड काढून द्या. बाकीचं मी बघतो.”

“देतो की. पण तुझ्या डब्यात आत किती व्होल्ट लागतंय?”

“आत? बारा. मग पाच, आणि तीन पॉइंट तीन.”

“आणि बॅटरीत किती हाय?”

पोरगा हसतो. मेस्त्री हसत नाहीत. बॅटरीतल्या बाराचे इन्व्हर्टरनं दोनशे तीस करायचे आणि त्याच दोनशे तीसचे डब्यातल्या सप्लायनं पुन्हा बारा करायचे, असा हा द्राविडी प्राणायाम आहे. दोन्ही वेळा थोडा थोडा करंट उष्णतेत जातो. घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण भिंतीतून हवा तेवढा येतो. गाडीत तो मोजून भरलेला असतो.

“मग डायरेक्ट गाडीच्या बॅटरीवरनं बारा घेऊ,” पोरगा म्हणतो.

“बारक्या, चावी मार.”

मेस्त्री मल्टिमीटरच्या दोन पिना बॅटरीच्या टर्मिनलवर धरतात. काट्यावर 12.6. हाताखालचा बारक्या चावी फिरवतो, स्टार्टर कण्हतो आणि आकडा धाडकन 9.8 वर येतो. इंजिन लागतं तसा तो चढत 14.2 वर जाऊन थांबतो. “बगितलंस? हे तुजं बारा. कॉम्प्युटर चालू असताना कुणी स्टार्टर मारला तर गेला की तो झोपी. आणि दिवसभर उभ्या गाडीत ह्याच्यावरच चालवला, तर संध्याकाळी धक्का मारायला माणसं शोधा.”

इथून पुढं गाडीची बॅटरी गाडीला आणि धंद्याची बॅटरी धंद्याला, असं ठरतं. दीडशे अँपियर-अवरची ट्युब्युलर बॅटरी दोघं मिळून आत ठेवतात तेव्हा ओम्नी मागं चांगलीच बसते. ओम्नीचा अल्टरनेटर एवढ्या बॅटरीला पुरा पडायचा नाही. ती रात्री घरी चार्जरला लावायची.

मेस्त्री दाराच्या आतल्या पत्र्यावर पेन्सिलनं हिशेब मांडतात. दीडशे गुणिले बारा, अठराशे वॅट-अवर. त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर बॅटरी लवकर मरते. हातात राहिले नऊशे. टॉवर, मॉनिटर, गॅस मशीन असं सगळं मिळून तीनशे वॅट ओढलं तर तीन तासांत खेळ खलास. दीडशेत बसवलं तर सहा तास निघतात. मालक आकड्यांकडे बघतात, मग टॉवरकडे, मग पोराकडे.

“हे परत न्या, राव. दुसरं काय हाय?”

दुसरं आहे. वहीएवढासुद्धा नसलेला, एकोणीस व्होल्टवर चालणारा मिनी पीसी; बाराचे एकोणीस करायला छोटा कन्व्हर्टर पुरतो. मोटारीत कॉम्प्युटर बसवायची हौस जगात नवी नाही. 2001 मध्ये व्हिया कंपनीनं अवघ्या सतरा सेंटिमीटर चौरस मदरबोर्डाचा मिनी-आयटीएक्स हा आकार आणला आणि परदेशातल्या हौशी लोकांनी गाणी, नकाशे यांच्यासाठी तो डॅशबोर्डाखाली, डिकीत, कुठंही बसवला. पुढं स्मार्टफोन आला, अँड्रॉइडचे स्क्रीन आले आणि ती हौस विरली. आता कोल्हापुरात कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात डॅशबोर्डावर स्क्रीन बसवून मिळतो. खरा कॉम्प्युटर गाडीत उरलाय तो असा, जिथं कीबोर्ड लागतो, प्रिंटर लागतो आणि मशीनची वायर जोडावी लागते.

पोरगा टॉवर परत घेऊन जातो आणि तासाभरानं पिशवीत मिनी पीसी घेऊन येतो. तोवर मेस्त्रींनी वायर ओढायला घेतलीय. करंगळीएवढी जाड तांबडी वायर बघून मालक विचारतात, एवढी जाड कशाला?

“घरात तीनशे वॅटला सव्वा अँपियर पुरतोय. बाराला तेच पंचवीस अँपियर. वायर बारीक घातली की तापणार.”

ते वायरचं टोक सोलतात, तांब्याच्या तारा बोटांनी पिळून लगमध्ये घालतात, मोठ्या पकडीनं दोनदा दाबतात. मग लग एका हातात आणि वायर दुसऱ्या हातात धरून जोर लावून ओढतात. लग हलत नाही. त्यावर काळी स्लीव्ह सरकवतात, लायटर फिरवतात, तशी स्लीव्ह आकसून घट्ट बसते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज येतो. तो कॉम्प्युटरजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते, पत्र्याला घासली की आगच. पत्र्यातल्या भोकात आधी रबरी ग्रोमेट, मगच वायर.

बॅटरीला लोखंडी पट्टीचा क्लॅम्प लागतो. तो मागच्या गल्लीत वेल्डिंगला जातो आणि चहा यायच्या आत होऊन येतो. उद्यमनगरात राहिल्याचा हा फायदा. बॅटरीच्या झाकणाला नळी लावून तिचं तोंड खालच्या पत्र्यातून बाहेर काढतात, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि बंद गाडीत तो साठू द्यायचा नाही.

आता पोराची पाळी. पीसीमध्ये हार्ड डिस्क नाही, एसएसडी आहे. फिरत्या चकतीवर केसाहून कितीतरी बारीक अंतरानं तरंगणारं डोकं आपल्या रस्त्यांवर किती दिवस तरंगणार? पीसी फळीवर ठेवताना तो खाली चार रबरी बुश घालतो, मॉनिटर मागून पट्टीनं बांधतो, प्रत्येक केबलला टाय मारतो.

लेझर प्रिंटर अजून हट्टानं तिथंच आहे. त्याला दोनशे तीसच लागतात, म्हणून मेस्त्री इन्व्हर्टर चालू करतात. पोरगा कागद सोडतो, प्रिंटरचा रोलर तापायला लागतो आणि इन्व्हर्टर टीं-टीं करत बंद पडतो. तापताना हा प्रिंटर पाचशे वॅटच्या वर जातो, बॅटरीकडून चाळीस-पंचेचाळीस अँपियर मागतो. कुणी काही बोलत नाही. पोरगा मुकाट्यानं दुकानात फोन लावून शाईच्या टाकीचा प्रिंटर मागवतो.

दिवस कलायला लागल्यावर गॅस मशीन जोडतात. ते आधी तापतं, स्वतःला शून्यावर आणतं. आत इन्फ्रारेड किरण असतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन त्यातले किती शोषतात यावर आकडा ठरतो. चाचणीला दुसरी गाडी कुठून आणायची? नळी ओम्नीच्याच सायलेन्सरमध्ये जाते. सगळे मॉनिटरवर वाकतात. आकडा हलतो, चढतो, 0.38 वर थांबतो. बीएस-थ्रीच्या अशा पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची 0.5 टक्क्यांची मर्यादा आहे. पास!

“काढ की कागद,” मालक खुशीत येतात.

“कागद असा निघत न्हाई मालक. आरटीओची मंजुरी, मग पोर्टलचं लॉगिन, मग कागद.”

मालकांचा चेहरा उतरतो. मेस्त्री बिलाचा आकडा सांगतात, तो आणखी उतरतो. पैसे मोजून घेता घेता मेस्त्री बजावतात, “आठवड्याला टर्मिनल पुसायची, लग हलवून बघायचं, पाणी बघायचं. कॉम्प्युटर बंद पडला तर आधी फ्यूज बघा, मग मला फोन करा. ह्या पोराला सगळ्यात शेवटी.”

“व्हय, खरं हाय,” पोरगा टॉवरच्या बिलावर काट मारत म्हणतो.