शेजारणीशी वाद झाला, तर आधी कुठं जायचं?

आज आम्ही बचतीचा किंवा कर्जाचा विषय आणलेला नाही, शेजाराचा आणला आहे. तुम्ही म्हणाल, गटाचं आणि शेजाराचं काय नातं? आमच्या एका गटात काय झालं ते ऐका, म्हणजे कळेल.

गटात दहा जणी. त्यातल्या दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. एकीच्या मोरीचं पाणी दुसरीच्या दारात जायचं. आधी बोलणं बंद झालं. मग लेकरांना एकमेकींच्या अंगणात जायची बंदी आली. मग "ती येणार असेल तर मी येणार नाही" म्हणून दोघीही बैठकीला येईनात. दोघींच्या बाजूनं दोन-दोन जणी उभ्या राहिल्या. तीन महिने बैठक धड भरली नाही, हप्ते थकले. बँकेला मोरीचं भांडण दिसत नाही, थकलेला हप्ता दिसतो. पुढचं कर्ज अडलं. ज्यांचा या वादाशी काही संबंध नव्हता, त्यांच्या शेळ्या घ्यायच्या राहिल्या.

यात आमचीही चूक झाली. आम्ही दोघींना भर बैठकीत समोरासमोर बसवलं. चार जणींसमोर कुणी माघार घेत नसतं. पाण्याचा विषय बाजूला राहिला आणि बोलणं जुन्या लग्नातल्या मानपानापर्यंत गेलं. दोघी रडत घरी गेल्या.

मग आम्ही वेगळं केलं. दोघींना वेगवेगळं भेटलो, मधे न बोलता ऐकून घेतलं. आणि एका सकाळी, धुण्याभांड्याच्या वेळेला, जाऊन पाणीच पाहिलं. तेव्हा कळलं की गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, तो जुन्या रस्त्यावरच ओतला. रस्ता उंच झाला, नालीचं तोंड वर गेलं, अंगणं खाली राहिली. पाणी नालीत चढेना, म्हणून उताराकडं वळलं. उताराला दुसरीचं दार होतं. म्हणजे दोघींपैकी कुणीच मुद्दाम काही केलं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट ही, की वाद कशाचा आहे ते आधी डोळ्यांनी बघा. पाण्याचा, कचऱ्याचा, भिंतीचा, आवाजाचा, जनावरं बांधायच्या जागेचा. "तू नेहमीच अशी" असं म्हटलं की माणूस अडतो. "सकाळी नऊला पाणी माझ्या उंबऱ्याला लागतं, चल, दाखवते" असं म्हटलं की निदान बघायला तरी येतो.

दुसरी गोष्ट, बोलायची वेळ. संतापात, नळाच्या रांगेत, लेकरांसमोर विषय काढू नका. दुपारी निवांत जा, एकट्या जा किंवा दोघींनाही मान्य अशी एखादी जाणती बाई सोबत न्या. नवरे आणि दीर पहिल्याच दिवशी मधे आले, की बोलण्याचं भांडण काठीवर जातं.

तिसरी गोष्ट, उपाय सोबत घेऊन जा. सांडपाण्याला शोषखड्डा हा चांगला उपाय आहे. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी असे खड्डे घेतले आणि त्या गावाचं नाव राज्यभर झालं. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. आपल्याकडं काळी माती आहे, तिच्यात पाणी लवकर मुरत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं. विहीर आणि बोअरपासून खड्डा लांब ठेवा. रोजगार हमीतून किंवा स्वच्छ भारत मिशनमधून काम बसतं का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

आमच्या त्या दोघींनी असा एकच खड्डा दोघींच्या मधे घेतला. दगड एकीनं आणले, मजुरी दुसरीनं दिली. आजही त्या एकमेकींकडं चहाला जात नाहीत. पण बैठकीला येतात, एका सतरंजीवर बसतात. आम्हाला तेवढं पुरे आहे.

बोलून भागलं नाही, तर पुढची पायरी गावातच आहे. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हा गृहमंत्री आर. आर. पाटील होते. ग्रामसभेनं समिती निवडायची आणि गावातले वाद गावातच समजुतीनं मिटवायचे, असा तिचा हेतू. तुमच्या गावात समिती चालू असेल तर तिच्याकडं जा. समितीत कोण बाया आहेत ते आधी बघा, कुणीच नसेल तर पुढच्या ग्रामसभेत नावं सुचवा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. नाली, रस्ता, कचरा यांची तक्रार ग्रामपंचायतीकडं लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आपल्यातल्या कितीतरी जणींची लेकरं आता जालन्यात, संभाजीनगरात, पुण्यात बिल्डिंगमध्ये राहतात. वाद तिथंही हेच, फक्त एकावर एक रचलेले. तिथं ग्रामपंचायतीच्या जागी सोसायटी असते. गच्चीतून पाणी गळत असेल तर ते सोसायटीनं दुरुस्त करायचं. वरच्या घराच्या मोरी-संडासातून गळत असेल तर त्या घरमालकानं करायचं. तक्रार सोसायटीच्या सचिवाकडं लेखी द्यायची. भाड्यानं राहत असाल तर घरमालकामार्फत द्या. लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, ती गावालाही लागू आहे आणि शहरालाही.

आता कोर्टाचं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण बाईनं वकिलाच्या फीला घाबरून हक्क सोडायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी जालन्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. १५१०० या नंबरवरही विचारता येतं. लोकअदालतीत खटला भरण्याआधीचे वादही घेतात. पण एक लक्षात ठेवा. तिथं झालेली तडजोड कोर्टाच्या निकालाइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नसतं. म्हणून नीट वाचून, समजून मगच सही किंवा अंगठा द्या.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. काही गोष्टी मिटवायच्या नसतात. शेजाऱ्यानं अंगावर हात टाकला, मारलं, लेकीची छेड काढली, जातीवरून शिवी दिली, तर तो तंटा राहत नाही, गुन्हा होतो. तिथं "गावात राहायचंय, जाऊ दे" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आपण गटवाल्यांनीही तसं म्हणायचं नाही. तडक ११२ ला फोन करा, पोलीस ठाण्यात जा, एफआयआरची प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते. आणि त्या बाईला एकटीला पाठवू नका, गटातल्या दोघी-तिघी सोबत जा.

या आठवड्याच्या बैठकीत हिशेब झाल्यावर एक काम करा. आपल्या गटात कोण कुणाशी बोलत नाही, हे भर बैठकीत विचारू नका, पण मनात ठेवा. मग अध्यक्षा आणि सचिव दोघींनी मिळून एकेकीच्या घरी जाऊन या. हप्ता थकायच्या आधी गेलेलं बरं.