पाळी आणि खाडा : साखर हंगामातील श्रमकाल व आरोग्य

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात ‘पाळी’ हा शब्द तीन अर्थांनी नित्य कानी पडतो. कालव्याचे पाणी ठरलेल्या क्रमाने शेतास मिळते, ती पाण्याची पाळी; कामगार ठरलेल्या तासांपुरता यंत्रावर उभा राहतो, ती कामाची पाळी; आणि स्त्रीचा मासिक धर्म, तीही पाळीच. नियमाने येणारा आणि नियमाने संपणारा क्रम ही कल्पना तिन्ही अर्थांत समान आहे. श्रम आणि आरोग्य यांच्या संबंधाचा विचारही याच कल्पनेपाशी सुरू होतो. ज्या कामाचा शेवट ठरलेला असतो, त्याचा धोका मोजता येतो. ज्याचा शेवट ठरलेला नसतो, त्याचा धोका हिशेबातच येत नाही. साखर कारखान्याच्या हंगामात ही दोन्ही प्रकारची कामे एकमेकांलगत चालतात.

भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली उसाचे क्षेत्र वाढले. पुढे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटत जाते, त्यामुळे हंगामात गाळप अहोरात्र चालू ठेवावे लागते. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या या गरजेतून येतात. मात्र आठ तासांची मर्यादा यंत्राने दिलेली नाही. ती दीर्घ प्रयत्नांनी मिळविलेली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांस १८९० साली रविवारची सुटी मिळाली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांस आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली. साखरेसारख्या हंगामी कारखान्यांस मात्र ६० तासांची मुभा ठेवली. हा भेद १९४८ च्या कारखाने अधिनियमात उरला नाही व सर्वांसाठी ४८ तासांची मर्यादा ठरली.

तास मर्यादित झाले तरी रातपाळीचा धोका संपत नाही. मेंदूतील एक लहानसा पेशीसमूह डोळ्यांवाटे आलेल्या प्रकाशाच्या आधारे शरीराचे दैनिक चक्र चालवितो. पहाटेच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली येते आणि सावधपणा क्षीण होतो. त्याच वेळी रातपाळीचा कामगार तापलेल्या बाष्पकापाशी वा फिरत्या यंत्रापाशी उभा असतो. दिवसा घेतलेली झोप रात्रीच्या झोपेपेक्षा सहसा तोकडी व उथळ असते. सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे लक्ष रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके मंदावते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात दिसून आले. हा तात्कालिक धोका झाला. दुसरा धोका सावकाशीने येतो. आठवड्यास ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांस ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केला.

हे सर्व कारखान्याच्या फाटकाच्या आतले. फाटकाबाहेरचा ऊस पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून आलेले मजूर तोडतात. त्यांच्या व्यवहाराच्या परिभाषेत तास दाखविणारा शब्द सापडत नाही. ‘कोयता’ म्हणजे बहुधा पती-पत्नीची जोडी; ‘उचल’ म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम; आणि मजुरी टनावर. काम कधी संपले, हे घड्याळ सांगत नाही. फिटलेली उचल सांगते. पहाटे फडात शिरलेली जोडी दुपारपर्यंत ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि वाहनाची वाट पाहते. वाहन रात्री आले तर रात्रीच, बॅटरीच्या उजेडात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढावे लागते. कारखान्याच्या रातपाळीला ऊस अखंड मिळावा, म्हणून फडातील माणसाची झोप खंडित होते. आतल्या कामाची नियमितता बाहेरच्या अनियमिततेवर उभी आहे, ती अशी. पाय घसरणे, कोयत्याची जखम, सापाचा दंश आणि शिणलेल्या चालकाच्या हाती असलेली उसाची वाहने हे धोके याच व्यवस्थेतून संभवतात.

या परिभाषेत काळाशी निगडित असा एकच कठोर शब्द आहे : ‘खाडा’. सातत्यात पडलेला खंड हा त्याचा अर्थ. खाडा झाला की मजुरी बुडते आणि अनेक ठिकाणी वर दंडही बसतो. मासिक पाळीच्या दिवसांत पाणी, आडोसा व विश्रांती यांपैकी काहीही नसताना स्त्रीने जड मोळ्या उचलाव्यात, अन्यथा तो खाडा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला, तेव्हा राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. उपचारांविना वाढलेले विकार, कर्करोगाची भीती, वैद्यकीय सल्ला अशी कारणे यामागे गुंतलेली आहेत. तथापि बुडणाऱ्या मजुरीची धास्ती त्यांतून वगळता येत नाही. शरीराच्या क्रमात जी पाळी, ती मुकादमाच्या वहीत खाडा ठरते.

कारखान्याच्या आत उपाय परिचित आहेत : सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या क्रमाने पाळी बदलणे, लागोपाठ दोन पाळ्या न देणे, रातपाळीनंतर पुरेसा अवकाश ठेवणे. फडात याहून आधीची पायरी गाठावयाची आहे. वाहन येण्याची वेळ ठरविणे, भरणीचे तास नोंदविणे आणि आजारपण व मासिक पाळी यांचे दिवस खाड्यातून वगळणे, एवढे झाले तरच तेथील श्रमाला प्रथमच आरंभ व शेवट लाभेल. तोपर्यंत त्या श्रमाचे टन मोजले जातील. त्याची किंमत शरीरातच साठत राहील.