दाढी गुळगुळीत, मान लालेलाल

सकाळी दहाला इंटरव्ह्यू. शर्टाला इस्त्री झाली, बूट चमकले, फाइल बॅगेत गेली. आणि आठ वाजता आरशासमोर लक्षात येतं, अरे, दाढी! मग थंड पाण्याचा एक हबका, रूममेटचा फोम, महिनाभर बाथरूमच्या खिडकीत पडलेलं रेझर. एकदा वरून खाली, मग खालून वर, मग हनुवटीखाली बोटं फिरवून खरखर लागते का ते चाचपत अजून दोन-चार हात. गाल एकदम लोणी! आणि लोकलमध्ये कॉलर मानेला घासली की मिरची चोळल्यासारखी आग. दोन दिवसांनी बरोबर त्याच रेषेवर लाल पुळ्यांची रांग.

ओळखीचं वाटतंय ना? मग आधी एक वाईट बातमी ऐका. तुमची दाढी नीट झाली नाही म्हणून या पुळ्या आलेल्या नाहीत. ती गरजेपेक्षा जास्त नीट झाली, म्हणून आल्यात.

खरं तर इथे दोन वेगळी दुखणी आहेत. दाढी झाल्या झाल्या जी आग होते, लाली येते, ते रेझर बर्न. पात्याने केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही खरवडलेला असतो. ही आग एक-दोन दिवसांत आपोआप शमते. पुळ्यांचं प्रकरण जरा खोल आहे. कातडी ताणून, केसाच्या उलट दिशेने पातं फिरवलं की केस कातडीच्या पातळीच्याही खाली कापला जातो. वर त्याला तिरकं, टोकदार टोक येतं. आता हा केस पुन्हा वाढायला लागला की सरळ बाहेर येण्याऐवजी आतल्या आतच बाजूच्या मांसात घुसतो. केस कुरळा असेल तर तो बाहेर येऊन, वळून पुन्हा कातडीत शिरतो. शरीराला वाटतं, काटा घुसला. मग सूज, खाज, पुळी. म्हणजे तुमच्याच दाढीचा तुम्हालाच काटा!

यात रेझर कंपन्यांचाही हातभार आहे. जिलेटने १९७१ साली दोन पात्यांचं रेझर बाजारात आणलं. पुढचं पातं केसाला किंचित ओढून धरतं, तो मागे सरकायच्या आत दुसरं पातं त्याला कापतं आणि उरलेला केस कातडीखाली गडप होतो. नंतर पाती तीन झाली, पाच झाली. जाहिरातीतल्या हिरोच्या गालावरून मऊ हात फिरतो तो याच करामतीमुळे. ज्याचे केस सरळ आणि मऊ, त्याला काही होत नाही. ज्याचे राठ आणि वळणारे, त्याची मात्र वाट लागते. अमेरिकेच्या सैन्यात हा त्रास कृष्णवर्णीय सैनिकांना इतका होतो की, दाढी न करण्याची सूट देणारी डॉक्टरची चिठ्ठी तिथे वर्षानुवर्षं चालत असे. शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणी डॉक्टरांना औषध सुचलं ते हेच, रेझर लांब ठेवा!

आपल्याला इतकी चैन नसते. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात, एनसीसीच्या परेडला, भरतीच्या मैदानावर चेहरा साफच लागतो. मग करायचं काय?

पहिलं म्हणजे वेळ द्या. कोरडा केस राठ असतो, भिजलेला मऊ पडतो आणि सहज कापला जातो. म्हणून दाढी आंघोळीच्या आधी नाही, नंतर करा. किंवा कोमट पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं गालावर ठेवा. जेल किंवा क्रीम लावल्यावरही मिनिटभर थांबा. तेवढ्यात एक रील बघून होईल, चालेल.

दुसरं, आपल्या मानेचा नकाशा समजून घ्या. हे जवळजवळ कुणीच करत नाही. दोन दिवसांची वाढ झाली की बोट फिरवून बघा. ज्या दिशेला गुळगुळीत लागेल ती केसाची सुलटी दिशा, खरखरीत लागेल ती उलटी. गालावर केस बहुतेक खालच्या दिशेने असतात. पण गळ्यावर अनेकांचे केस वरच्या दिशेने किंवा तिरके कानाकडे गेलेले असतात. म्हणजे ‘वरून खाली, एकदम सेफ’ असं समजून तुम्ही मानेवर रोज उलटीच दाढी करत असता. कॉलरजवळच पुळ्या का, याचं एक उत्तर इथे मिळालं. दुसरं उत्तर अर्थातच ती कॉलर.

हात हलका ठेवा, दुसऱ्या हाताने कातडी ताणू नका, एकाच जागी परत परत फिरवू नका आणि दर दोन-तीन हातांनंतर रेझर धुवा. पातं ओढायला लागलं की त्याला निरोप द्या. कंजूषपणा करायला दुसऱ्या जागा आहेत. रेझर कोरड्या जागी ठेवा आणि कुणाला देऊ नका, मित्र कितीही जिगरी असला तरी. रक्तातून पसरणारे आजार मैत्री बघत नाहीत. नंतर थंड पाणी आणि साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. झणझणणारं आफ्टरशेव्ह म्हणजे बहुतेकदा अल्कोहोल. सोललेल्या कातडीवर त्याची काही गरज नाही. तुरटीने बारीक कापल्याचं रक्त थांबतं हे खरं, पण सलूनमधला तोच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरत असतो. वापरायचीच तर स्वतःची ठेवा.

इतकं करूनही पुळ्या येतातच? मग ट्रिमर घ्या. तो अगदी बारीक खुंट ठेवतो आणि तो खुंटच तुम्हाला वाचवतो, कारण केस कातडीच्या वर राहतो. चार फुटांवरून इंटरव्ह्यू घेणाऱ्याला तो दिसतही नाही. आणि महत्त्वाच्या दिवशी सकाळी नवीन रेझरचा प्रयोग नको. दाढी आदल्या संध्याकाळी उरका, लाली रात्रीत उतरेल.

मुलींनो, तुम्ही हसत वाचत असाल तर थांबा. काखेत केस एकाच दिशेने नसतात, तिथे कोरडं रेझर फिरवून लगेच डिओ मारला की हीच आग. पायांवर रेझर आणि वर टाइट लेगिंग्ज, म्हणजे कॉलरचीच गोष्ट. ‘रेझरने केस दाट येतात’ ही भीती मात्र सोडा. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाढी करून, केस मोजून दाखवलं होतं की तसं काही होत नाही. टोक बोथट कापलेलं असतं म्हणून ते जाड भासतं, इतकंच.

आता खरी भानगड. पुळ्या आल्या की आपण डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलमध्ये जातो. आमच्या होस्टेलवर एक ट्यूब होती, अख्ख्या मजल्याची. पिंपल, खाज, दाढीची आग, सगळ्यावर तीच. लावली की रात्रीत लाली गायब! जादू नव्हती, आत स्टिरॉइड होतं. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन अशी नावं बारीक अक्षरांत छापलेली असतात. चेहऱ्यावर हे आठवड्यांमागून आठवडे चोळलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, नवे पिंपल येतात आणि क्रीम बंद केलं की चेहरा पूर्वीपेक्षा जास्त पेटतो. म्हणून माणूस ते पुन्हा लावतो. माझ्या एका मित्राने सहा महिने लावलं. सोडवायला त्याला वर्ष लागलं. त्या वर्षात तो भर उन्हात रुमाल बांधून फिरायचा आणि आम्ही त्याला डाकू म्हणायचो. आता आठवलं की लाज वाटते. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी काउंटरवर ‘भाऊ, ती खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की काय होतं, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही लावत असाल तर ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा, एकदम सोडताना काय करायचं ते तेच सांगतील.

तसंच पुळीत पू झाला, दुखायला लागली किंवा जागा काळी आणि टणक होत चालली, तर नखाने फोडत बसू नका आणि चिमट्याने केस मुळापासून उपटू नका. तुटलेला केस पुन्हा आतच वळतो. जमत असेल तर तीन-चार आठवडे रेझरला सुट्टी द्या. केस लांब झाला की अडकलेलं टोक बहुतेकदा स्वतःच सुटून बाहेर येतं.

आणि सलूनला गेलात तर बसतानाच सांगा, ‘दादा, नवं ब्लेड लावा, फक्त सुलटी करा, दुसरा हात नको.’ दादा जरा नाराज होतील. गालावर उलटा अंगठा फिरवून म्हणतील, ‘राहिलंय हो थोडं.’

राहू द्या म्हणा.